संत्र्यात अक्षरं किती? कूटखेळाविषयी वाचकांच्या शंका

मागच्या अंकात आम्ही ऑनलाइन कूटखेळांबद्दल लिहिलं होतं. एक सांकेतिक मजकूर फोडला की दुसऱ्याचा पत्ता मिळतो, दुसऱ्यातून तिसरा. एकट्याच्यानं हे उरकत नाही, म्हणून एकमेकांना कधी न भेटलेली माणसं ग्रुप करून सोडवत बसतात. त्यावर नागपुरातून बरीच पत्रं आली. निवडक इथे देत आहोत. नावं वगळून वस्ती तेवढी ठेवली आहे. काही पत्रांत चार-चार प्रश्न होते, त्यातला एकेकच घेतला, रागावू नये.

प्रश्न : आमच्या मराठी कूटखेळात क्लू होता, 'संत्रा या शब्दातलं तिसरं घ्या'. एक म्हणतो 'र', दुसरा म्हणतो 'त', तिसरा म्हणतो यात तिसरं काही नाहीच. दोन दिवसांपासून भांडून राहिलो. बरोबर कोण? (प्रतापनगर)

उत्तर : तिघेही. तोंडानं म्हटलं तर 'सं' आणि 'त्रा' अशी दोनच अक्षरं, तिसरं नाही. व्यंजनं मोजली तर स, त, र, तिसरं 'र'. कॉम्प्युटर मोजतो तेव्हा स, अनुस्वार, त, हलन्ताची खूण, र, काना अशी सहा चिन्हं होतात; तिसरं 'त'. स्प्रेडशीटमध्ये लांबी मोजणारं सूत्र लावलंत तर उत्तर सहा येतं ते यामुळेच.

खेळ रचणाऱ्यानं कसं मोजलंय ते त्याच्याच बाकीच्या क्लूंमधून काढावं लागतं. आतापर्यंतचे असे सगळे शब्द एकाखाली एक मांडा. प्रत्येकापुढे तीन आकडे लिहा: अक्षरं, व्यंजनं, कॉम्प्युटरची चिन्हं. शेजारी क्लूनं मागितलेला आकडा लिहा. मागितलेला आकडा ज्या रकान्यातल्या आकड्यापेक्षा एकदाही मोठा निघेल तो रकाना बाद. 'कमळ', 'नगर' असे शब्द या कामी निरुपयोगी, कारण तिन्ही रकान्यांत तीनच येतात. जोडाक्षरांचे शब्द आधी घ्या.

आणखी एक खोच 'दऱ्या'सारख्या शब्दांत असते. हा 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत त्यासाठी वेगळा 'ऱ' वापरतात, तेव्हा शब्दात पाच चिन्हं होतात. दुसरीत साधा 'र', हलन्त आणि मधे न दिसणारं एक जोडचिन्ह; मग सहा. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून क्लूचा शब्द स्वतः टाइप करू नका, मूळ जागेवरून कॉपी करा.

प्रश्न : आम्ही चौदा जण आहोत, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं. काहीही सुचवलं की कोणीतरी म्हणतं, 'ते करून झालं'. मग तीन दिवसांनी कळतं की ते चुकीचं केलं होतं. ग्रुप कसा चालवावा? (धरमपेठ)

उत्तर : आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांचं दुखणं हेच आहे. डोकं सगळ्यांकडे असतं. ग्रुप अडकतो तो चुकीच्या नकलेमुळे आणि न लिहिलेल्या प्रयत्नांमुळे.

आधी नक्कल. सांकेतिक मजकूर चित्रात किंवा भिंतीवर असेल तर दोघांनी एकमेकांचं न पाहता उतरवायचा, शीटच्या दोन रकान्यांत, एका खान्यात एक चिन्ह. तिसऱ्या रकान्यात दोन्ही जुळतात का ते तपासणारं सूत्र. इथे नुसतं बरोबरचं चिन्ह (=) वापरू नका. त्याला इंग्रजीचं मोठं आणि लहान अक्षर सारखंच वाटतं. 'एक्झॅक्ट' नावाचं फंक्शन वापरा, त्याला फरक कळतो. जुळलं नाही तिथे तिघांनी मिळून मूळ चित्र मोठं करून पाहायचं. जुळलं की तो रकाना लॉक करायचा आणि यापुढे प्रत्येकानं तिथूनच मजकूर उचलायचा.

शीटमध्ये काहीही भरण्याआधी खान्यांचा प्रकार 'प्लेन टेक्स्ट' करा. नाहीतर ०३१२ चं ३१२ होतं, ३-१२ ची तारीख होते आणि बरोबरच्या चिन्हानं सुरू होणारी ओळ सूत्र समजली जाते. एक शून्य गळालं तरी पुढची सगळी अक्षरं एकेक घर सरकतात आणि कुठलीही किल्ली, म्हणजे कूट उलगडणारा आकडा किंवा शब्द, लागत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर सांकेतिक मजकूर साधा पाठवू नका. दोन चांदण्यांमधला मजकूर तिथे ठळक होतो, दोन खालच्या रेघांमधला तिरका, दोन लाटांमधला खोडलेला. आणि ती चिन्हं दिसेनाशी होतात. मजकुराच्या आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक (` हे चिन्ह) टाकले की तो आहे तसा पोचतो.

आता प्रयत्नांची नोंद. दुसरं पान काढा: वेळ, कोणी, कोणत्या ओळीवर, कोणती पद्धत, कोणती किल्ली, निघालेली पहिली दहा अक्षरं. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. 'सीझर (प्रत्येक अक्षर ठरावीक घरं सरकवणं) करून पाहिलं, नाही जमलं' ही नोंद नव्हे. 'वर्णमालेत १ घर मागे, मात्रा न हलवता, निघालं ते असं' ही नोंद; कारण तीन दिवसांनी ती वाचणारा सांगू शकतो की मात्रा हलवून पाहायच्या राहिल्या. ज्याची ओळ शीटमध्ये नाही ते झालेलंच नाही, हा नियम पहिल्याच दिवशी करा आणि मित्र असला तरी पाळा. गप्पा, मीम आणि 'झालं का बे?' यांसाठी वेगळा ग्रुप ठेवला तर बरं. चौदा जण एकाच कोड्यावर बसवू नका, तिघा-चौघांच्या तुकड्या पुरतात.

प्रश्न : 'बुठाऴा थळाश' एवढंच दिलंय. वर्णमालेत एक घर मागे गेलो तर पहिले दोन 'फुटा' आले, पण ऴ आमच्या वर्णमालेत नाही. दुसरा शब्द 'तहाव' झाला, त्याला काही अर्थ नाही. किल्ली चुकली का? (हनुमाननगर)

उत्तर : किल्ली बरोबर, वर्णमाला चुकली. शाळेतल्या वर्णमालेत ळ शेवटी, ह नंतर येतो. कॉम्प्युटरच्या युनिकोड यादीत क्रम असा आहे: र, ऱ, ल, ळ, ऴ, व, श. तिथे न नंतरही नुक्त्याचा ऩ बसवलेला आहे. या यादीत एक घर मागे गेलात की ऴ चा ळ, ळ चा ल, श चा व होतो. उत्तर 'फुटाळा तलाव'.

तेच शब्द कोणी वहीवर, शाळेच्या क्रमानं एक घर पुढे सरकवले असते तर 'बुठाका थवाश' मिळालं असतं, कारण ळ नंतर पुन्हा क. तेव्हा सांकेतिक मजकुरात ऩ, ऱ, ऴ ही अक्षरं वावगी जागा धरून दिसली की रचणाऱ्यानं प्रोग्रॅम वापरला असं धरून चाला.

असाच प्रकार जगभर गाजलेल्या सिकाडा ३३०१ या कूटमालिकेच्या पहिल्याच पायरीवर होता. जानेवारी २०१२ मध्ये एक चित्र टाकलं गेलं. ते टेक्स्ट एडिटरमध्ये उघडलं की शेवटी रोमन सम्राट टायबेरियस क्लॉडियस सीझरचं नाव आणि पुढे एक अगम्य ओळ. क्लॉडियस चौथा सम्राट, म्हणून चार घरं मागे. एल-एक्स-एक्स-टी चं एच-टी-टी-पी झालं; इथवर सगळे पोचतात. पण पुढचं 'पेक्षा मोठं' हे चिन्ह आणि दोन '३' यांचं काय? फक्त अक्षरं सरकवणारा तिथेच थांबतो. कॉम्प्युटरच्या यादीत तेही चार घरं मागे नेले की विसर्गासारखा कोलन आणि दोन तिरक्या रेघा निघतात, म्हणजे वेबसाइटचा पत्ता.

जाता जाता: तुमच्या कूटात मात्रा हलवलेल्या नव्हत्या. किल्ली माहीत नसती तरी उकार, काना, काना, मग मोकळं अक्षर, काना, मोकळं असा सांगाडा उघडाच होता. नागपूरकर ग्रुपनं शहरातल्या जागांची यादी त्यावर लावून पाहिली असती तर काम लवकर झालं असतं. मराठी कूटांचं पाणी बहुतेक वेळा मात्रांतूनच गळतं.

प्रश्न : फोटोत मजकूर लपवलाय असं खेळाच्या पानावर म्हटलंय. ग्रुपवर आलेला फोटो सगळ्या टूल्समधून काढला, काही निघत नाही. (इतवारी)

उत्तर : ग्रुपवर आलेल्या फोटोत काही उरलेलंच नसतं. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पुन्हा दाबून लहान करतं. त्यात शेवटी चिकटवलेला मजकूर, फोटोची अंगभूत माहिती आणि पिक्सेलच्या रंगांत लपवलेले बिट, सगळं जातं. मूळ पानावरून स्वतः डाउनलोड करा. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि दोन्हीकडे फाइलचा आकार बाइटपर्यंत जुळतो का ते बघा. स्क्रीनशॉट तर अजिबात नको.

मूळ फाइल हातात आली की क्रम असा ठेवा. आधी फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून तळाशी जा. जेपीईजी फाइल एफएफ-डी९ या दोन बाइटांनी संपते, पीएनजी 'आयईएनडी' ही खूण आणि तिच्या पुढच्या चार बाइटांपाशी. त्यानंतर जे काही असेल ते कोणीतरी मुद्दाम ठेवलेलं. मग अंगभूत माहिती: तारीख, कॅमेरा, जागेचे आकडे. रंगांचे थर वेगळे करून बघणं त्यानंतर. फाइल पीएनजी असेल तर सगळ्यात हलक्या बिटांत मजकूर दडवणं सोपं असतं. जेपीईजीत ती युक्ती टिकत नाही, तिथे खास प्रोग्रॅम लागतो आणि तो कोणता हे बहुधा क्लूच सांगतो. सिकाडाच्या त्या पत्त्यावर एका बदकाचं चित्र होतं आणि खाली खेळाडूंची टर उडवणारं वाक्य. त्यात 'गेस' आणि 'आउट' हे दोन शब्द होते. पुढचा मजकूर काढायला लागणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव आउटगेस.

प्रश्न : इंग्रजी अक्षरं, आकडे असं लांबलचक काहीतरी मिळालंय, शेवटी बरोबरचं चिन्ह आहे. बेस-६४ असेल का? आणि आत मराठी असेल हे आधी ओळखता येतं का? (सदर)

उत्तर : बेस-६४ म्हणजे कुठलाही मजकूर चौसष्ट साध्या चिन्हांत लिहिण्याची पद्धत. शेवटचं चिन्ह ही चांगली खूण आहे, पण ते नसलं तरी बेस-६४ असू शकतं. आत देवनागरी आहे का हे मात्र नुसत्या नजरेनं कळतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि तीन बाइटांची बेस-६४ मध्ये बरोबर चार अक्षरं होतात. म्हणून मजकूर मराठीनं सुरू होत असेल तर पहिली तीन अक्षरं 'चार, कॅपिटल के, कॅपिटल एस' किंवा 'चार, कॅपिटल के, कॅपिटल डब्ल्यू' अशी असतात, आणि दर चार अक्षरांनी तेच पुन्हा येतं.

लय पहिल्या शब्दानंतर मोडते, तिथे घाबरू नका. मोकळी जागा एकच बाइट घेते, त्यामुळे पुढचं सगळं एका बाइटानं सरकतं. पहिली मोकळी जागा 'आय-ओ-सी' अशी दिसते आणि त्यानंतर चौकडीच्या तिसऱ्या जागी 'सी' येत राहतो. तीन मोकळ्या जागा झाल्या की जुनी लय परत. मोठ्या-लहान अक्षरांचा फरक इथे फार महत्त्वाचा. मोबाइलच्या की-बोर्डनं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल केलं तर निकाल बिघडलाच.

प्रश्न : उत्तर २१ ०८ ४५ आणि ७९ ०५ १७ आलं. नकाशात २१.०८४५, ७९.०५१७ टाकलं तर विमानतळाच्या बाजूला जाऊन पडलो. तिथे काय शोधायचं? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : तिथे सुरक्षारक्षक तुम्हाला शोधतील. परत फिरा. हे आकडे अंश, मिनिटं आणि सेकंद आहेत. तुम्ही ते दशांश म्हणून वाचले. मिनिटांना ६० नं आणि सेकंदांना ३६०० नं भागून अंशात मिळवायचं. २१ अधिक ८ भागिले ६० अधिक ४५ भागिले ३६०० म्हणजे २१.१४५८, दुसरा आकडा ७९.०८८१. ही जागा शहराच्या मध्यात येते, तुम्ही पोचलात तिथून ईशान्येला साधारण पावणेआठ किलोमीटर.

अंशानंतरच्या जोड्यांपैकी एकही ६० च्या वर नसेल तर पहिला संशय मिनिट-सेकंदांचाच घ्या. दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर कळायला सोपं: नकाशा आर्क्टिकमध्ये स्वालबार्ड बेटांपाशी नेतो. दशांशानंतर किती घरं दिलीत तेही बघा. चार घरं म्हणजे अकरा मीटरपर्यंतची जागा, तीन म्हणजे एकशे दहा, दोनच असतील तर एक किलोमीटरहून जास्त. तेवढ्या आकड्यावर कोणाच्या कंपाउंडमध्ये शिरू नका. आणि झिरो माइलच्या दगडावरचे आकडे क्लूत असतील तर ते मैलांतले आहेत, किलोमीटर करून मग खेळात टाकू नका.

प्रश्न : क्लू फक्त एवढाच: 'कटपयाला विचारा, नागपूर किती वाजता?' (खामला)

उत्तर : रात्री साडेनऊला. कटपयादी ही अक्षरांना आकडे देण्याची आपली जुनी पद्धत आहे. क ते झ १ ते ९, ञ शून्य. ट ते ध १ ते ९, न शून्य. प ते म १ ते ५. य ते ह १ ते ८. मात्रा मोजायच्या नाहीत. न ०, ग ३, प १, र २. हे उलट वाचायचं, उजवीकडून डावीकडे: २१३०.

चुका दोन ठिकाणी होतात. उलटं वाचायचं राहतं, नाहीतर जोडाक्षरातली सगळी व्यंजनं मोजली जातात. जोडाक्षरातलं शेवटचं व्यंजन तेवढं धरायचं. 'संत्रा' म्हणजे स ७, र २, उलट २७. त मोजलात तर २६७ येईल आणि कुलूप उघडणार नाही.

प्रश्न : इंग्रजीतला तीनशे-चारशे अक्षरांचा मजकूर आहे. तीन आठवडे झाले. कोणत्या प्रकारचं कूट आहे हेच कळत नाही. सोडून द्यावं का? (मनीषनगर)

उत्तर : एवढ्या लांबीवर मोजमाप चांगलं होतं, आधी ते करा. प्रत्येक अक्षर किती वेळा आलं ते मोजा. त्या संख्येला तिच्याहून एक कमी संख्येनं गुणा. सगळ्या अक्षरांचे गुणाकार मिळवा. एकूण अक्षरांनाही त्यांच्याहून एक कमी संख्येनं गुणून त्यानं भागा. साध्या इंग्रजीत हे उत्तर ०.०६७ च्या आसपास येतं, सगळी अक्षरं सारख्या प्रमाणात असतील तर ०.०३८. वरच्या आकड्याजवळ आलात तर एकास एक बदललेली अक्षरं किंवा नुसती जागा हलवलेली अक्षरं. 'ई' आणि 'टी' हीच जास्त दिसत असतील तर जागा हलवल्या आहेत. खालच्या आकड्याकडे झुकलं तर किल्लीच्या शब्दानं दर अक्षराची सरक बदलली असण्याची शक्यता मोठी.

तसं असेल तर मजकुरात पुन्हा येणारे तीन-तीन अक्षरांचे तुकडे शोधा आणि त्यांच्यातली अंतरं लिहा. १८, ३०, ४२ अशी आली तर सगळ्यांना भाग जाणारा मोठ्यात मोठा आकडा ६. किल्ली सहा अक्षरांची, नाहीतर तीन किंवा दोन. एखादं अंतर योगायोगाचं असतं, ते बाजूला काढा. ही रीत कासिस्की या प्रशियन अधिकाऱ्यानं १८६३ मध्ये छापली. शंभराहून कमी अक्षरांवर मात्र दोन्ही मापं फसवतात. मराठीसाठी वरचे आकडे चालणार नाहीत; वर्तमानपत्रातला मोठा मजकूर घेऊन त्याच मोजणीनं आपलं माप आधी काढून ठेवा.

सोडून देण्याबद्दल म्हणाल तर 'झोडिअक ३४०' चं उदाहरण बघा. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका खुन्यानं वर्तमानपत्राला पाठवलेलं हे कूट. ३४० चिन्हं, १७ रकाने, २० ओळी. ते डिसेंबर २०२० मध्ये सुटलं. सोडवणारे तिघे तीन देशांतले: अमेरिकेतले डेव्हिड ओरनचक, ऑस्ट्रेलियातले सॅम ब्लेक आणि बेल्जियमचे यार्ल व्हॅन आयके. चिन्हं बदललेली होतीच, वर वाचायचा क्रम तिरपा होता: एक ओळ खाली, दोन घरं उजवीकडे. ब्लेक यांनी वाचनक्रमाच्या साडेसहा लाखांच्या आसपास तऱ्हा तयार केल्या आणि त्या व्हॅन आयके यांच्या प्रोग्रॅममधून काढल्या. एका तऱ्हेत सलग अर्थाचे दोन-तीन तुकडे चमकले. ओरनचक यांनी ते पक्के धरून बाकीचं पुन्हा चालवलं.

मजकूर ९, ९ आणि २ ओळींच्या तीन भागांत होता, आणि दुसऱ्या भागात लिहिणाऱ्यानं स्वतःच एक घर चुकवलेलं होतं. तुमचंही अर्ध सुटून पुढे गाळ येत असेल तर किल्ली फेकू नका. जिथून गाळ सुरू होतो तिथे एक अक्षर वाढवून किंवा कमी करून पाहा. कूट रचणाराही माणूसच असतो.

प्रश्न : चॅटबॉटला विचारलं तर तो लगेच उत्तर देतो, पण प्रत्येकाला वेगळं. (मानेवाडा)

उत्तर : तो अक्षरं नीट मोजत नाही आणि अर्थपूर्ण वाक्य जुळवायची त्याला घाई असते. उत्तर मागू नका. मोजणी करणारा किंवा सगळ्या किल्ल्या लावून पाहणारा छोटा प्रोग्रॅम लिहून मागा, आणि तो आधी 'फुटाळा तलाव' सारख्या, उत्तर माहीत असलेल्या कूटावर चालवून बघा.

प्रश्न : क्लू '१२:०० यूटीसी'ला येणार होता. आम्ही दुपारी बारापासून बसलो, काही आलं नाही म्हणून उठलो. (सक्करदरा)

उत्तर : भारताची वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे आहे, म्हणजे तुमचा क्लू संध्याकाळी साडेपाचला आला. '००:०० यूटीसी' लिहिलं असेल तर पहाटे साडेपाच, आणि तारीख तीच. अमेरिकेतल्या शहराची वेळ दिली असेल तर मार्च ते नोव्हेंबर तिथली घड्याळं बहुतेक ठिकाणी एक तास पुढे असतात, तेवढं हिशेबात धरून गजर लावा.